दिवाळीची वेतं : शेळीपालकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपती उठले की या सदराकडे शेळ्यांचीच पत्रे जास्त येतात. जूनमध्ये फळलेल्या (गाभण राहिलेल्या) शेळ्या दिवाळीच्या आसपास विणार असतात, आणि पावसात खंगलेला कळप बघून पुढच्या वर्षी काय बदलायचे याचा विचारही तेव्हाच चालू असतो. ठाणे जिल्ह्यातल्या कळपांत एकच जात क्वचित सापडते. आई गावठी, बाप उस्मानाबादी किंवा शिरोही, आणि अलीकडे मधूनच मांसासाठीची परदेशी बोअर. म्हणून या अंकात मिश्र रक्ताच्या शेळ्या आणि त्यांची वेतं एवढाच विषय घेतला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. औषधांची नावे आली आहेत तिथे मात्रा जनावराच्या वजनावर पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

प्रश्न : माझ्याकडे १४ गावठी शेळ्या आहेत. करडे लवकर वजन धरत नाहीत. शुद्ध बोअर बोकड आणला तर फायदा होईल का? (वाचक, मुरबाड)

उत्तर : आधी शेळ्यांची वजने करा. जनावरांचा काटा नसेल तर एकाने शेळी उचलून साध्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. आपल्याकडची गावठी शेळी बऱ्याचदा २०-२२ किलोची भरते आणि तिचे करडू जन्मताना दीड ते दोन किलोचे असते. पूर्ण वाढीचा बोअर बोकड ९० किलोच्या पुढे जातो. त्याची करडे जन्मतःच तीन किलोच्या आसपास, रुंद छातीची आणि जाड डोक्याची. पहिलारू गावठी पाटीला (तरुण शेळीला) असे एकच करडू राहिले तर ते कमरेच्या हाडात अडकते. जुळी असली तर वजन वाटले जाते म्हणून सुटका होते, पण पहिल्या वेताला गावठी पाट बहुधा एकच देते. म्हणजे धोका नेमका जिथे जास्त, तिथेच आपण मोठा बोकड लावतो.

आमचे मत स्पष्ट आहे. १४ शेळ्यांच्या कळपाला आणि मुरबाडच्या पावसाला पहिला संकर कोकण कन्याळ किंवा उस्मानाबादीचा करावा. कोकण कन्याळ सिंधुदुर्गातली, म्हणजे दमट हवा आणि संततधार तिला नवी नाही. उस्मानाबादी जुळ्यांसाठी चांगली. या संकरातल्या ज्या माद्या ३० किलोच्या पुढे जातील आणि दोन वेतं सुरळीत देतील, त्यांनाच हवा तर पुढे बोअर लावा. त्यातून होणारी करडे विक्रीसाठी ठेवा, पैदाशीसाठी नकोत. बोअरच्या वाढीमागे खुराक (धान्य-पेंडीचे खाद्य) असतो. नुसत्या माळावर चरणाऱ्या कळपात तो गुण दिसतच नाही, आणि पावसाळ्यात खूर व जंत यांचा खर्च मात्र वाढतो.

आणखी दोन गोष्टी. संकराच्या पहिल्या पिढीत जो जोम दिसतो तो दोन संकरित जनावरे एकमेकांना लावली की पुढच्या पिढीत निम्माच उरतो आणि करडे एकसारखी निघत नाहीत. म्हणून घरचा देखणा संकरित बोकड कळपाला ठेवण्याचा मोह टाळा. माद्या घरच्या, बोकड बाहेरचा आणि शुद्ध जातीचा, असे ठेवा. दुसरे म्हणजे नर करडे साडेतीन-चार महिन्यांची झाली की बहिणींपासून आणि आईपासून वेगळी बांधा. ती त्या वयात फळवू शकतात, आणि "हिला बोकड दाखवलाच नव्हता, मग गाभण कशी?" या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा घरातच असते. मोठा बोकडही दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच लेकी त्याला लागतात.

प्रश्न : बकरी ईदनंतर उरलेला सोजत जातीचा मोठा बोकड स्वस्तात मिळतो आहे. पैदाशीला घेऊ का? आमच्या चार शेळ्यांनाही शिंगे नाहीत. (वाचक, भिवंडी)

उत्तर : घेण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली, तो खच्ची केलेला नाही ना. ईदसाठी वाढवलेले कित्येक बोकड खच्ची असतात, म्हणून दोन्ही अंड हाताने चाचपून बघा. सारख्या आकाराची, टणक आणि पिशवीत मोकळी हलणारी हवीत. दुसरी, चरबी. बाजारासाठी खुराकावर फुगवलेला बोकड उडी मारायला आळशी असतो. त्याला खुराक कमी करून, रोज फिरवून दीड-दोन महिने उतरवावे लागते. नवे वीर्य तयार व्हायला तसेही दोन महिने लागतात. तिसरी, बाजारात तो शेकडो जनावरांत उभा होता. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लक्षणे दिसायला दोन ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आणला त्या दिवशी ठणठणीत दिसणे हा पुरावा नव्हे. किमान २१ दिवस, शक्य तर महिनाभर, कळपापासून दूर, वेगळ्या भांड्यात चारा-पाणी. गोठ्यातली कामे आटोपून मगच त्याच्याकडे जायचे, उलट नाही.

शिंगांचा मुद्दा बरेच जण विसरतात. सोजतमध्ये बिनशिंगी जनावरे भरपूर असतात. भुंडा बोकड आणि भुंडी शेळी यांचा जोडा लावला तर काही करडे ना नर ना मादी अशी जन्मतात. बाहेरून मादीसारखी, पण कधीच माजावर न येणारी. बिनशिंगीपणाचा गुण दोन्हीकडून आला की मादी करडाची जननेंद्रिये नीट घडत नाहीत. नियम सोपा आहे : जोड्यातल्या एकाला तरी जन्मजात शिंगे हवीत. लहानपणी डागून काढलेली शिंगे असली तरी चालते, कारण तो बोकड रक्ताने शिंगवालाच. तुमच्या चार भुंड्या शेळ्यांना हा बोकड भुंडा असेल तर लावू नका.

प्रश्न : दरवर्षी जुलैमध्ये करडे होतात आणि निम्मी दगावतात. शेळ्या धष्टपुष्ट असतात. चूक कुठे होते? (वाचक, शहापूर, अशाच आशयाची पत्रे अंबरनाथ व कल्याण तालुक्यांतूनही)

उत्तर : चूक जुलैत नाही, फेब्रुवारीत होते. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा, पाच दिवस इकडे-तिकडे. १५ फेब्रुवारीला फळलेली शेळी १५ जुलैला विते. त्या वेळी गोठा ओला, पाला पाण्याने भरलेला आणि चाऱ्यावर जंतांच्या अळ्या. दीड किलोचे करडू एकदा भिजले की अंगातली उष्णता टिकवू शकत नाही. पाठोपाठ न्यूमोनिया, मग हगवण.

उलटा हिशेब मांडा. १ जूनला फळलेली शेळी २९ ऑक्टोबरला विते. पाऊस सरलेला, भात कापणीला आलेले, पेंढा मुबलक, बांधावर वेली आणि झुडपे हिरवी. करडे पाला खायला लागतात तेव्हा जानेवारी असतो आणि पुढच्या पावसात ती सात-आठ महिन्यांची, सोसणारी झालेली असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत बोकड लावणे हे ठाण्याच्या हवामानाला सगळ्यांत जुळते. दुसरी बरी वेळ ऑक्टोबरची. त्या शेळ्या फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये विणार, फक्त उन्हाळ्यात पाला-पाण्याची सोय हवी.

अडचण अशी की मेमध्ये शेळ्या वाळलेल्या असतात आणि वाळलेली शेळी माजावर येत नाही, आली तरी एकच करडू धरते. म्हणून बोकड लावण्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक आणि सुबाभूळ, शेवरी, उंबर, फणस असा जो पाला मिळेल तो द्या. एवढ्याने जुळ्यांचे प्रमाण वाढते. बोकड फेब्रुवारीपासून शेळ्यांच्या नजरेआड आणि वासाच्या पलीकडे ठेवा. निदान शेवटचे महिनाभर तरी. मग मेअखेर तो कळपात आला की आठ-दहा दिवसांत बऱ्याच शेळ्या एकदम माजावर येतात. माज एक ते दोन दिवस टिकतो : शेपटी सतत हलते, ओरडणे वाढते, योनीतून पारदर्शक चिकट स्राव येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माज आला नाही तर गाभण धरून चाला. एका प्रौढ बोकडाला २० ते २५ शेळ्या, वर्षाच्या बोकडाला त्याच्या निम्म्या.

पाटींच्या बाबतीत वय नव्हे, वजन बघा. घरच्या प्रौढ शेळीच्या साधारण दोन-तृतीयांश वजन होईपर्यंत बोकड दाखवू नये.

प्रश्न : आमच्याकडे सहा शेळ्या आहेत, तिघी गाभण. तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधला टाकाऊ पाला आणि हॉटेलच्या उरलेल्या चपात्या-पाव फुकट मिळतात. गाभण शेळीला चालतील का? (वाचक, घणसोली, नवी मुंबई)

उत्तर : पाला चालेल, पाव नको. फ्लॉवर आणि कोबीची पाने, मटाराच्या शेंगांची साले, मक्याच्या कणसांची साले, गाजराचा पाला हे सगळे खाण्याजोगे आहे, पण एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबर आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्या एकेक करून काढा. त्या पोटात गुंता होऊन बसतात आणि शेळी कारण न कळता खंगत जाते. पाला धुऊन, चार-पाच तास सावलीत सुकवून द्या आणि त्याआधी पेंढा किंवा भुसकट खाऊ घाला. रिकाम्या पोटी ओला कोबी म्हणजे पोटफुगी.

चपात्या, पाव, शिळा भात यांतला स्टार्च पोटात झपाट्याने आंबतो आणि आम्ल वाढते. शेळी रवंथ थांबवते, डावी कूस दाबली तर पाणी डुचमळल्यासारखे लागते, आंबूस वासाची हगवण होते. हे लक्षात येताच ३० किलोच्या शेळीला २० ग्रॅम खाण्याचा सोडा पाव लिटर कोमट पाण्यातून, हळूहळू, डोके फार वर न उचलता पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. शेवटच्या महिन्यात हा प्रकार झाला तर गाभही जाऊ शकतो.

खुराकाचे एक सोपे मिश्रण, १०० किलोसाठी : मका भरडा ४०, गव्हाचा कोंडा २५, शेंगदाणा पेंड २०, तूर किंवा हरभरा चुणी १२, खनिज मिश्रण २, मीठ १ किलो. गर्भाची वाढ बहुतेक शेवटच्या ५० दिवसांत होते. तेव्हा २०० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवत ३५०-४०० ग्रॅमपर्यंत न्या, दोन वेळांत विभागून. जुळी-तिळी असलेल्या शेळीच्या पोटात जागाच उरत नाही, त्यामुळे ती एकदम जास्त खाऊ शकत नाही. अशी शेळी खाणे सोडून कोपऱ्यात उभी राहिली, दात खाऊ लागली, तोंडाला गोडसर उग्र वास येऊ लागला तर तिला गाभणकाळातली विषबाधा झाली आहे. शरीर स्वतःची चरबी जाळते आहे. उद्यावर ढकलू नका. डॉक्टर प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला देतील. गुळाचे पाणी पाजून वाट बघण्यात दोन दिवस गेले तर शेळीही हातची जाते. अति लठ्ठ आणि अति रोड, दोन्ही शेळ्यांत हा धोका जास्त.

नवी मुंबईसाठी वेगळी सूचना : रस्त्याच्या दुभाजकांवर आणि बागांत लावलेली कण्हेर. छाटणीनंतर रस्त्याकडेला पडलेल्या तिच्या मूठभर पानांनीही शेळी मरते, आणि सुकली तरी पाने विषारीच राहतात. महापालिकेची छाटणी चालू असेल त्या दिवशी शेळ्या बांधून ठेवा.

प्रश्न : शेळी वितेवेळी आपण नेमके काय करायचे? कधी हात घालायचा, कधी थांबायचे? (वाचक, बदलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा थांबायचेच. पण तयारी आठवडाभर आधी हवी : पाच फूट बाय चार फुटांची कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची जागा, चुना मारून वर भाताच्या पेंढ्याचा चार बोटे थर. जवळ टिंक्चर आयोडीन, स्वच्छ कात्री, दोरा, जुनी सुती फडकी, हातमोजे, लिक्विड पॅराफिन, दूध पाजायची बाटली आणि थर्मामीटर.

कास भरू लागते साधारण आठ-पंधरा दिवस आधी. पण पक्की खूण शेपटीच्या मुळाशी आहे. तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढे ताठ स्नायुबंध लागतात. ते बोटांना सापडेनासे झाले की साधारण दिवसभरात वेत. शेळी पाय आपटून पेंढा उकरते, कळपापासून दूर जाते, जाड चिकट स्राव लोंबतो. यात सहा-सात तास जाऊ शकतात, ते काळजीचे नाहीत. घड्याळ लावायचे ते जोरात कळा सुरू झाल्यावर. पाण्याची पिशवी दिसल्यावर साधारण अर्ध्या तासात करडू यायला हवे. जोर लावून ४५ मिनिटे गेली आणि काहीच पुढे सरकले नाही, तर डॉक्टरांना फोन करा आणि तोवर हात घालून अंदाज घ्या.

सरळ करडू येते ते दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकवलेले नाक, पाण्यात सूर मारावा तसे. हात घालताना नखे कापलेली, अंगठ्या काढलेल्या, मोजा आणि वंगण. पाय पुढचा की मागचा हे सांध्यांवरून ओळखा : खुरापासून वरचे दोन सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर पुढचा, विरुद्ध दिशेने वाकत असतील तर मागचा. दोन मागचे पाय एकत्र आले असतील तर करडू उलटे असले तरी तसेच बाहेर काढता येते, फक्त कंबर बाहेर आल्यावर रेंगाळू नका. नाळ दाबली जाते आणि डोके अजून आतच असते. डोके मागे वळलेले असेल किंवा नुसती शेपटी लागत असेल तर करडू आत ढकलून सरळ करावे लागते. हे दहा मिनिटांत जमले नाही तर सोडा, डॉक्टर येईपर्यंत आणखी ओढाताण नको. गर्भाशय फाटण्याची बहुतेक प्रकरणे घरच्या ओढाताणीतून होतात. आणखी एक, हाती आलेले दोन पाय एकाच करडाचे आहेत ना, हे छातीपर्यंत चाचपून बघा. जुळ्यांत गफलत होते. ओढायचे ते कळ आल्यावरच, आणि शेळीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने खाली.

करडू बाहेर आले की नाक-तोंड पुसा, नाकात पेंढ्याची काडी फिरवली तर शिंक येऊन श्वास सुरू होतो. मग आईसमोर ठेवा, चाटू द्या. नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून कापा आणि टोक आयोडीनच्या छोट्या वाटीत पूर्ण बुडवा. वरून थेंब टाकून भागत नाही. संध्याकाळी पुन्हा बुडवा. आठवड्याभराने गुडघे सुजून लंगडणारी करडे ही या एका मिनिटाच्या आळसाची फळे असतात.

दुसरे करडू सहसा अर्ध्या तासात येते. वार (करडाभोवतीचे आवरण) सहा-आठ तासांत पडते. बारा तास उलटले तर डॉक्टर. लोंबणारी वार ओढू नका आणि तिला दगडही बांधू नका.

प्रश्न : तिळे झाले आणि तिसरे करडू उभेच राहत नाही. थंडगार आहे. दूध तोंडात घातले तर गिळत नाही. (वाचक, टिटवाळा)

उत्तर : आधी ऊब, मग दूध. करडाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागले तर पाजू नका, दूध फुफ्फुसात जाईल. गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस ठीक. ३७ च्या खाली असेल तर अंग पूर्ण कोरडे करून खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवा. दिवा लावायचा तर पेंढ्यापासून किमान दोन-अडीच फूट वर, साखळीने पक्का टांगलेला.

इथे एक बारकावा जीव वाचवतो. करडू जन्मून पाच तासांहून जास्त झाले असतील आणि ते थंड पडले असेल, तर त्याच्या रक्तातली साखरही संपलेली असते. नुसती ऊब दिली तर झटके येऊन ते मरते. अशा वेळी डॉक्टरांकडून आधी ग्लुकोजचे इंजेक्शन, मग ऊब.

अंग गरम होऊन चोखायला लागले की चीक. दोन किलोच्या करडाला पहिल्या तासाभरात ८० ते १०० मिली आणि २४ तासांत किमान २००, जमल्यास ३०० मिली किंवा थोडा जास्त, चार-पाच वेळांत. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात, आणि पहिल्या दिवसानंतर आतडे ती शोषत नाही. तिळ्यांना एका आईचा चीक पुरत नाही. म्हणून एकच करडू असलेल्या शेळीचा जास्तीचा चीक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. वितळवताना हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात ट्रे बुडवा, उकळलात तर तो फाटतो आणि कामातून जातो. नाहीच मिळाला तर गाईचा चीक द्या.

तिसरे करडू दुसऱ्या शेळीला लावायचे असेल तर ती वितेवेळीच लावा : तिच्या गर्भजलाने आणि वारेने ते करडू नखशिखांत चोळा आणि तिच्या स्वतःच्या करडाबरोबर तिच्यापुढे ठेवा. तीन दिवसांनी हाच प्रयत्न केला तर ती ढुशा देणार.

प्रश्न : महिन्याभराच्या करडांना काळपट, कधी रक्ताची झाक असलेली हगवण लागते. जंताचे औषध देऊनही थांबत नाही. (वाचक, वांगणी)

उत्तर : कारण ती बहुधा जंतांची नाहीच. तीन आठवडे ते पाच महिने वयात, दाटीत आणि ओलीत, कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी आतड्याचे अस्तर खातो. जंताच्या औषधाने त्याला काही होत नाही. ताज्या लेंडीचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. औषध अँप्रोलियम किंवा सल्फा गटातले, ठरलेले सगळे दिवस पूर्ण द्यायचे. दुसऱ्या दिवशी लेंडी सुधारली म्हणून थांबवले की पुन्हा उसळते. जोडीला उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडे थोडे, दिवसात पाच-सहा वेळा, पण दुधात मिसळून नाही.

मूळ दुखणे फरशीत आहे. करडांच्या नाकाच्या उंचीवर खाली बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर करडे दिवसभर तोच अमोनिया ओढत आहेत. मचाण (जमिनीपासून उंच फळ्यांचा गोठा) असेल तर मोठ्या शेळ्यांसाठी फळ्यांमधली फट दीड ते दोन सेंटीमीटर, करडांच्या कप्प्यात जेमतेम एक, नाहीतर पाय अडकून मोडतो. गव्हाण आणि पाण्याचे भांडे करडांना आत चढता येणार नाही अशा उंचीवर बांधा. लेंडी चाऱ्यात पडणे थांबले की निम्मा आजार थांबतो.

गोठ्यातले सगळ्यांत गुटगुटीत करडू मात्र संध्याकाळी उड्या मारत होते आणि सकाळी मेलेले सापडले, तर तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग. पोटभर दूध आणि खुराक मिळणाऱ्यालाच तो आधी गाठतो. गाभण शेळीला विण्याच्या तीन ते चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस दिली की तिच्या चिकातून करडांना पहिले दोन-तीन महिने संरक्षण मिळते. पूर्वी कधीच लस दिली नसेल तर दोन डोस लागतात, दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने. करडांना तिसऱ्या महिन्यात आंत्रविषार आणि त्याचा बूस्टर, चौथ्या महिन्यात पीपीआर.

प्रश्न : भात कापल्यावर शेळ्या खाचरात सोडतो. जानेवारीत काहींच्या जबड्याखाली पाणी उतरते. (वाचक, किन्हवली)

उत्तर : डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. पांढरी पडली असेल तर रक्त कमी झाले आहे. दोन चोर संशयित : रक्त पिणारा गोलकृमी आणि यकृतातला पर्णकृमी. खाचरात पाणथळ कोपरे आणि गोगलगायी असल्याने पर्णकृमीचा संशय आधी घ्यावा. लेंडी तपासणीत त्याची अंडी संसर्गानंतर दहा-बारा आठवड्यांनीच दिसतात, म्हणून नोव्हेंबरचा स्वच्छ अहवाल फसवा असू शकतो. सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन पर्णकृमीवर चालतच नाही. कोवळ्या कृमीसाठी ट्रायक्लाबेंडाझोल आणि मोठ्या कृमीसाठी ऑक्सिक्लोझानाइड ही औषधे डॉक्टर सुचवतात. अल्बेंडाझोल नुकत्याच फळलेल्या शेळीला, पहिल्या दीड महिन्यात, देऊ नका, करडे व्यंग घेऊन जन्मतात. विण्याच्या सुमारास शेळीची प्रतिकारशक्ती घटून जंतांची अंडी एकदम वाढतात, म्हणून व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जंतनाशक देण्याला अर्थ आहे. खाचराचा पाणथळ भाग काट्या लावून बंद करणे हे औषधापेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : दोन वर्षांत तीन वेतं घ्या असे सगळे सांगतात. मिश्र शेळ्यांत हे जमते का? नर करडे ईदला कधी विकावी? (वाचक, शिळफाटा)

उत्तर : कागदावर जमते. तारखा मांडून बघा. १ नोव्हेंबरला व्यालेली शेळी तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारीला फळवली, तर १ जुलैला विणार. पुढे १ ऑक्टोबरला फळवली तर फेब्रुवारीअखेर, मग १ जूनला फळवली तर पुन्हा ऑक्टोबरअखेर. म्हणजे तीन वेतांतले एक भर पावसात पडणारच. कोरडे मचाण, पश्चिमेकडून ताडपत्रीचा आडोसा, आणि जून ते सप्टेंबर पुरेल इतके तूर-हरभऱ्याचे भुसकट साठवलेले असेल तर ते वेत घ्या. तेही फक्त अंगाने भरलेल्या, तिसऱ्या वेताच्या पुढच्या शेळ्यांकडून. बाकीच्यांपासून बोकड मेअखेरपर्यंत लांब ठेवा. त्यांचे वर्षाला एकच वेत होईल, पण करडे हाती लागतील. जुलैत विणारीला जुळी असतील तर करडे तीन महिने आतच ठेवा, आईला मात्र उघडीप बघून चरायला सोडा.

नर करडांबद्दल : कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि गिऱ्हाईक दोन दात बघते. ते साधारण १३-१४ महिन्यांना येतात. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. सध्या ती मेअखेरीच्या आसपास येते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची करडे पहिल्या ईदला सहा-सात महिन्यांचीच असतात. ती एकतर तेव्हाच खाटकाला वजनावर द्यायची, नाहीतर पुढच्या ईदपर्यंत दीड वर्षाची करायची. जी ठेवणार त्यांच्या कानाला भोक, शिंगाला तडा, पायाला लंगडेपणा येऊ देऊ नका. कानाचा बिल्ला मारण्याआधी ओळखीचे गिऱ्हाईक तो चालवून घेते का, ते विचारून ठेवा.